आक्काताईंचं कुस्ती मैदान

“यंदा पत्रकावरनं भांडण झालं, तर दुकानाला कुलूप लावतो!” धम्मपालनं भर चौकात सांगून टाकलं. साल अठ्ठ्याण्णव. पाटणजवळच्या त्या गावात कंप्युटरवर लग्नपत्रिका आणि पत्रकं जुळवून देणारा तो एकटाच. आधीच ताठा होता, त्यात पुण्याच्या मासिकासोबत विंडोजच्या जागी कंप्युटर चालवणाऱ्या लिनक्सची फुकट सीडी आली. मग काय विचारता!

कुस्ती मैदानाच्या पत्रकाची यादी घेऊन माजी सुभेदार लालासाहेब आले. त्यांचं आणि बागाईतदार तात्याबांचं सहा वर्षं बोलणं बंद होतं. कारण एकच, पत्रकावर वर कुणाचं नाव? यंदा चार बैठका घेऊन गावानं क्रम ठरवला होता. हे पत्रक जमलं, तर तालुक्यातल्या सगळ्या यात्रांचं काम धम्मपालकडं येणार होतं.

“सुभेदार, ह्यो लिनक्स बघा! फुकट! आतलं समदं उघडं, कुणीबी दुरुस्त करावं!”

“आन् ह्यो जुना विंडोज?”

“त्यो चोरून घेतलेला.”

“म्हंजी त्यो बी फुकटच की रं!”

“आवं, त्यो चोरीचा! ह्यो हक्काचा!”

“तुझ्या खिशातनं दोनीला बी काय गेलं न्हाई. मग फरक काय?”

धम्मपालनं कपाळावर हात मारला. सकाळपासून असलेच प्रश्न! बिघडला तर कुणाच्या दारात जायचं? करणाऱ्याचं पोट कशावर चालतं? फुकट देतोय म्हणजे त्याच्या डोक्यात काय हाय?

सुभेदार गेल्यावर त्यानं यादी पुढ्यात घेतली. पंच्याऐंशी नावं, त्यात खाडाखोड, बाण, ‘यांना वर घ्या’च्या तीन चिठ्ठ्या. लिनक्समध्ये नावं अक्षरांच्या क्रमानं लावून देणारा एक हुकूम होता, त्याचा भारी लाडका! ना कोण थोर, ना कोण लहान. भांडणाचं मूळच उपटलं! आता फक्त एक अडचण होती. लिनक्सला मराठी येत नव्हती. म्हणून त्यानं सगळी नावं इंग्रजीत टाइप केली, क्रम लावून घेतला आणि तो बघून पुन्हा विंडोजवर मराठीत जुळवली.

“दोनदा टाइप केलंत, मग वाचलं काय?” बायको स्वप्नानं विचारलं.

“अगं, धर्माची गाय आन् दात का न्हाय, असं इचारत्यात व्हय!”

दोन हजार पत्रकं छापली, एसटीनं गावोगावी गेली, आणि मग गावानं वाचली.

सगळ्यांत वर, पहिलं नाव अध्यक्षाचं या रिवाजानं ठळक अक्षरात, मैदानाच्या अध्यक्षा म्हणून आक्काताई! बिचारीनं पैलवानांच्या पाण्याला आपली विहीर दिली होती, एवढंच. जन्मात कधी तिनं कुस्ती पाहिली नव्हती. लालासाहेब अडतिसावे. तात्याबा पार तळाला, मंडपवाल्याच्याही खाली! आक्काताईंच्या दारात कर्नाटकातले दोन पैलवान येऊन पाया पडून गेले आणि “अध्यक्षीणबाई, जोड कुणाशी लावताय?” म्हणून विचारायला लागले. म्हातारी घाबरून माळ्यावर जाऊन बसली.

दुकानात मात्र दोन्ही वाघ एकदमच शिरले. बाकडं एकच होतं. रागाच्या भरात दोघंही त्यावरच बसले.

“माझं नाव अडतिसावं?” लालासाहेब गरजले.

“तुमी निदान मधी हाय, मी तळाला!” तात्याबा ओरडले.

“खरं हाय, तुमच्यावर लयच अन्याव झाला.”

“तुमच्यावर काय कमी झाला, सुभेदार?”

“आवं, वर्णानुक्रम हाय त्यो!” धम्मपाल काकुळतीला आला. “कुणावर अन्याव न्हाई!”

“गप रं!” दोघंही एका सुरात ओरडले. मग तात्याबांनी तांब्यातलं पाणी आधी लालासाहेबांना दिलं आणि दोघं खांद्याला खांदा लावून, धम्मपालच्या अकलेचे वाभाडे काढत, चहाला गेले.

सहा वर्षांचं वैर मिटलं! गाव खूश झालं. मैदानातच धम्मपालचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा ठराव झाला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याला वाटलं, आपलं कुणीतरी ऐकलं.

सत्काराचं पत्रक मात्र गावानं कराडहून करून आणलं.