तोतारामचा हिवाळा

तोताराम कसाबसा हिवाळ्याच्या तोंडाशी आला आणि मृणालीचा कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला. पिवळी पानं, टुमदार घर, दोरीवर वाळत घातलेले कपडे, सगळं एका क्षणात काळं झालं. मृणालीने कपाळाला हात लावला, मग तोच हात कॉम्प्युटरच्या डब्याला लावला आणि चटकन मागे घेतला. डबा भाकरीच्या तव्यासारखा तापला होता.

तोताराम हा काही तिच्या नात्यातला माणूस नव्हे. तो एका व्हिडिओ गेममधला गडी. या गेममध्ये माणसं तयार करायची, त्यांना घर बांधून द्यायचं, नोकरीला लावायचं, त्यांचं लग्न लावायचं. आपल्या घरात आपल्याला कोणी हिंग लावून विचारत नसलं तरी त्यांच्या घरात आपला शब्द शेवटचा. त्या गेमची हवामानाची एक नवी पुरवणी निघाली होती. ती टाकली की तोतारामच्या जगात ऊन, पाऊस, पानगळ आणि बर्फ सुरू होई. पुण्याहून चालणाऱ्या एका मराठी वेबसाईटच्या मॅडमनी मृणालीला या पुरवणीचं परीक्षण लिहायला सांगितलं होतं. तोतारामच्या जगातलं अख्खं वर्ष खेळून मगच लिहायचं आणि शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत पाठवायचं. लेख जमला तर कायमचं काम.

आणि नाही जमला तर धुळे. मृणालीचे वडील पितांबरभाऊ वरणगावच्या फॅक्टरीतून, तपासणी खात्यातून निवृत्त झालेले. हाती येईल त्या वस्तूत खोट शोधायची ही त्यांची नोकरी होती, आणि नोकरी सुटली तरी सवय सुटली नव्हती. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते बुंदीचा दाणा उजेडात धरून बघत. गेम खेळणं हे काम असू शकतं, हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. बरीच आदळआपट झाल्यावर तोड निघाली होती, की हे एक काम मिळालं तर ठीक, नाहीतर सोमवारपासून धुळ्याला लीलाधरमामाकडे राहून बँकेच्या परीक्षेचा क्लास लावायचा. मामाने कपाटातला एक कप्पा रिकामा करून ठेवल्याचंही कळवलं होतं. मृणालीला धुळ्याचं वावडं नव्हतं, मामाचं तर मुळीच नव्हतं. पण आपल्याला जे येतं ते सोडून आयुष्यभर व्याजाची गणितं करायची, या विचाराने तिला रडू यायचं.

अडचण फक्त मे महिन्याची होती. जळगावात मे महिन्यात माणसं दुपारी सावलीलासुद्धा उभी राहत नाहीत, तिथे कॉम्प्युटरची काय कथा? उन्हाळा जेमतेम पार पडे, पानगळीत पंखा घरघरायला लागे, आणि हिवाळा आला की डबा बंद. म्हणून शुक्रवारी दुपारी आईवडील झोपल्यावर मृणालीने घरातल्या एकुलत्या एक कूलरचं तोंड हळूच कॉम्प्युटरकडे वळवलं. पानगळ निम्मी सरली असेल नसेल, तोच नर्मदाबाई घामाने निथळत उठल्या. त्यांचं माहेर नरडाण्याकडचं. एरवी त्या चारचौघींसारखं बोलत, पण संतापल्या किंवा कळवळल्या की थेट माहेरच्या बोलीवर जात, आणि मग 'सगळं'चं 'बठ्ठं' होई.

"बठ्ठी हवा त्या डब्बालेच देशी का वं? आम्ही काय घाममा बुडी जाऊत?"

कूलर जप्त झाला. राग उतरल्यावर नर्मदाबाईंनी कॉम्प्युटरला ओला पंचा गुंडाळून बघ, असा मायेचा सल्ला दिला. तो मृणालीने ऐकला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण ती हट्टाला पेटली होती. जळगावात हिवाळा मिळत नसेल तर जिथे मिळतो तिथे जायचं, असं तिने ठरवलं आणि यास्मिनला फोन लावला.

यास्मिन तिची कॉलेजातली मैत्रीण. तिचे वडील रमजानभाई केळीचे व्यापारी, आणि जामनेर रस्त्याला त्यांची केळी पिकवायची थंड खोली होती. हिरवी केळी क्रेटमध्ये भरून तिथे रचायची, गॅस सोडायचा, दार घट्ट लावायचं आणि काही दिवसांनी पिवळी झाली की बाहेर काढायची. शनिवारी दिवसभर ती खोली रिकामी राहणार होती. माल संध्याकाळी येणार, पण तो येण्याआधी खोली गार करत ठेवावी लागते. रमजानभाईंनी मृणालीला परवानगी दिली, मात्र दार सारखं उघडायचं नाही आणि माल आला की बाहेर निघायचं, हे दोनदा बजावलं.

शनिवारी सकाळी मृणाली आईचा स्वेटर आणि वडिलांची माकडटोपी घालून रमजानभाईंच्या टेम्पोतून निघाली. मे महिन्यात माकडटोपी घातलेली मुलगी बघायला रस्त्यावरची माणसं थांबत होती. तिने कोणाकडे पाहिलं नाही. खोलीत दोन क्रेट उपडे घालून तिने एकावर कॉम्प्युटर मांडला, दुसऱ्यावर स्वतः बसली आणि वर्ष पहिल्यापासून सुरू केलं. इथे कॉम्प्युटर कसा अगदी गुण्यागोविंदाने चालत होता.

तिकडे घरी लीलाधरमामाचा फोन आला, की मृणाली कोणत्या गाडीने येणार? पितांबरभाऊंनी मृणालीला फोन लावला. थंड खोलीच्या जाड भिंतींतून फोन लागेना. मग ते ओला रुमाल डोक्याला बांधून भर उन्हात स्कूटरवर निघाले. पोरीला काय काय सुनवायचं ते त्यांनी वाटेत शब्दन् शब्द ठरवलं. खोलीचं दार उघडून त्यांनी पहिला शब्द उच्चारायला तोंड उघडलं, आणि गार हवेचा झोत अंगावर आला.

"आधी दार लावा," मागे न बघता मृणाली म्हणाली.

त्यांनी दार लावलं. मग दोनच मिनिटं म्हणून एक क्रेट ओढून बसले. ठरवलेलं भाषण कुठे गेलं ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. समोर पडद्यावर उन्हाळ्याची ऐन दुपार होती. कोपऱ्यात अडतीस अंश असा लाल इशारा लागला होता आणि तोताराम अर्धी चड्डी घालून घराबाहेर पडत होता.

"हा कुठे चालला?" पितांबरभाऊंनी विचारलं.

"पळायला."

"भरदुपारी? डोक्याले रुमाल नाही?"

"गेममध्ये रुमाल नाहीये, पप्पा."

"मग रिजेक्ट," पितांबरभाऊ म्हणाले.

इतक्यात तोताराम लाल झाला, डगमगला आणि रस्त्यात आडवा झाला. पितांबरभाऊ थक्क झाले. "अडतीसले चक्कर? अडतीसले तर आपल्याकडे वराती नाचतात." मग त्यांच्यातला तपासनीस जो जागा झाला तो काही केल्या झोपेना. घराला पश्चिमेकडे एवढी मोठी काच कोणी लावली, दुपारी खिडक्या कोणी बंद का करत नाही, दारात पाण्याचा माठ कुठे आहे, हे सगळं त्यांनी विचारलं. मृणाली चिडत होती आणि खेळ पुढे रेटत होती.

दुपारी नवराही परत येईना आणि लेकही, म्हणून नर्मदाबाई जेवणाचा डबा घेऊन शेजारच्या रूपचंद रिक्षावाल्याबरोबर आल्या. रूपचंद डबा आत ठेवायला म्हणून आला आणि जागा बघून बसला. तेवढ्यात संध्याकाळी येणारा माल दुपारीच आला. रमजानभाई जागेवर नव्हते म्हणून मृणाली तशीच बसून राहिली, आणि हमालांनी भराभर क्रेट आत रचले. काम संपल्यावर बाहेरच्या उन्हात परत जायची कोणालाच घाई नव्हती. पडद्यावर आता पाऊस पडत होता आणि तोतारामची बायको पुना सोफ्यावर बसून पुस्तक वाचत होती. दोरीवरचे कपडे चिंब झाले होते.

"ही बाई कशी शे?" नर्मदाबाई कळवळून म्हणाल्या. "बठ्ठं भिजी गयं अन् ही पुस्तक वाची राहिनी."

हमालांचंही तेच मत पडलं. पुनाला उठव, तोतारामला छत्री दे, पोराला आत घे, अशा चहूबाजूंनी सूचना येऊ लागल्या. मृणालीने दोनदा सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. सगळ्यांनी मान हलवली आणि कोणी हललं नाही. उन्हातून आलेली केळी स्वतःच तापलेली, त्यात एवढी माणसं, आणि दार तर सारखं उघडत होतं. स्वेटर मृणालीच्या अंगाला चिकटायला लागला आणि डबाही तापायला लागला. पण पानगळ संपत आली होती. आता थांबून उपयोग नव्हता.

मग हिवाळा आला. आकाश करडं झालं आणि वरून एक पांढरा ठिपका हलत हलत खाली आला, त्यामागून दुसरा. खोलीतले सगळे पडद्याकडे सरकले. त्यातल्या कोणीच कधी बर्फ पडताना पाहिला नव्हता. तोताराम दारात येऊन उभा राहिला, त्याने हात पुढे केला, आणि कॉम्प्युटर बंद पडला.

त्याच वेळी दार उघडून रमजानभाई आत आले. त्यांनी दाराजवळच्या तापमानाच्या काट्याकडे पाहिलं, मग माणसांकडे पाहिलं.

"जयभीम भाऊ," ते पितांबरभाऊंना शांतपणे म्हणाले. "आता बाहेर या सगळे. नाहीतर केळी कच्ची राहतील आन् माणसं पिकतील."

सगळे रमजानभाईंच्या ऑफिसात येऊन बसले. यास्मिनही तिथेच होती. सहाला फार वेळ उरला नव्हता. मृणालीने स्वेटर फेकून दिला आणि यास्मिनच्या फोनवर दुसऱ्या लोकांनी टाकलेले बर्फाचे व्हिडिओ शोधायला सुरुवात केली. ते पाहून हिवाळ्याबद्दल चार ओळी लिहिता आल्या असत्या. पितांबरभाऊंनी ते ओळखलं.

"न तपासता माल पास करू राहिली?"

"मग काय करू? धुळ्याला जाऊ?"

पोरीचे डोळे भरलेले पितांबरभाऊंना दिसत होते. "जा," ते म्हणाले. "खोटं लिहून राहण्यापेक्षा खरं लिहून जा."

मृणालीला त्यांचा मनस्वी राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं. तिने व्हिडिओ बंद केले. मग त्या रागाच्या भरातच तिने वडिलांना सांगितलं, की तुम्हीच सांगा आता, तुमचे सगळे शेरे मी जसेच्या तसे घालते. तिला वाटलं होतं ते गप्प बसतील. पण त्यांनी घसा खाकरला आणि मागे हात बांधून येरझाऱ्या घालायला सुरुवात केली. ते सांगत गेले आणि मृणाली दात-ओठ खात लिहीत गेली. आपलं चारही ऋतूंचं, बांधेसूद परीक्षण बुडालंच आहे, तर पूर्ण बुडू दे, असं तिला वाटत होतं.

उन्हाळा: ऊन चांगले बनवले आहे, पण माणसे उन्हात राहण्याच्या लायकीची बनवलेली नाहीत. रुमाल, माठ, पन्हे यांची सोय नाही. नामंजूर. पावसाळा: थेंबांचा आवाज उत्तम. मात्र पाऊस आल्यावर एकही बाई कपडे काढायला धावत नाही, त्यामुळे तो पाऊस आहे यावर विश्वास बसत नाही. दुरुस्तीसाठी परत. पानगळ: पाने पडतात, अंगण कोणी झाडत नाही. सबब शेजारी नावे ठेवतील. हिवाळा: तपासणीच्या जागी तापमान फार असल्याने तपासता आला नाही. दोन ठिपके पाहिले. दोन्ही सुंदर होते.

शेवटचं वाक्य पितांबरभाऊंनी येरझाऱ्या थांबवून सांगितलं. खाली 'पितांबर, निवृत्त तपासनीस' असं त्यांचं आणि त्याखाली स्वतःचं नाव घालून मृणालीने सहाच्या आत लेख पाठवला, आणि घरी येऊन सरळ बॅग भरायला घेतली. नर्मदाबाईंनी भावासाठी ज्वारीच्या बिबड्यांचे पापड बांधले.

रविवारी दुपारी पुण्याहून फोन आला. मृणालीने तो स्पीकरवर टाकला. आईवडील शेजारीच बसले होते. मॅडमनी आधी विचारलं, की हे पितांबर तपासनीस खरे आहेत, की तुम्ही रचलेत? खरे आहेत, समोरच बसलेत, असं मृणालीने सांगितलं.

"सकाळपासून लोक वाचतायत," मॅडम म्हणाल्या. "आम्हाला ते दर आठवड्याला हवेत. एक गेम, आणि त्यावर त्यांचे शेरे."

"आणि मी?" मृणालीने विचारलं.

"तुम्ही तर हव्याच. ते काय स्वतः खेळणार आहेत? खेळायचं तुम्ही, लिहायचं तुम्ही. काम तुम्हा दोघांचं मिळून."

मृणालीला हसावं की रडावं ते कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. पितांबरभाऊ मात्र सावरून बसले. फोन जवळ ओढून त्यांनी अगदी ऑफिसातल्या भाषेत विचारणा केली, की हे काम कायमस्वरूपी समजायचं की ठेक्यावरचं, आणि साप्ताहिक सुटी कोणत्या वारी? मॅडम हसत होत्या. ते हसत नव्हते. विचार करून संध्याकाळी कळवतो, असं सांगून त्यांनी फोन ठेवला. मग उठून शर्ट इस्त्रीला टाकायला सांगितला.

तेवढ्यात धुळ्याहून फोन आला. लीलाधरमामा विचारत होता, की भाचीला घ्यायला स्टँडवर कधी येऊ? मृणालीने बोलायला तोंड उघडलं, पण पितांबरभाऊंनी हात करून तिला थांबवलं.

"नाही येणार ती, लीलाधर," ते म्हणाले. "आजपासून माझ्या हाताखाली लागलीय."