किराण्याचा तुलनात्मक तक्ता

हेडक्लार्कांनी ठरवलं ते एवढंच, की मुलीला आकडेवारी दाखवून गप्प करायचं. (निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी इमारतीत सगळे त्यांना हेडक्लार्कच म्हणत. खरं नाव विजेच्या बिलावर तेवढं उरलं होतं.)

झालं असं, की शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारी त्यांची मुलगी तीन महिन्यांनी उगवली आणि आल्या आल्या तिनं स्वयंपाकघरातले डबे उघडले. पाच किलोच्या डब्यात तळाशी दोन चमचे साखर आणि शेजारी शंभर ग्रॅमच्या रिकाम्या पुड्यांची चळत.

"बाबा, हे काय? तुम्ही रोज शंभर ग्रॅम साखर आणता?"

"एकदम आणली की मुंग्या लागतात."

"आणि साबण? साबणही एकेकच आणता. त्यालाही मुंग्या लागतात?"

हेडक्लार्कांनी डब्याचं झाकण लावून टाकलं. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. बायको गेल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतं आणि कोपऱ्यावरचा दुकानदार शंभर ग्रॅम साखरेवर पाऊण तास बोलत असे. गिऱ्हाईक नसलं की "बसा काका" म्हणे आणि स्वतःच्या गुडघ्यापासून सरकारपर्यंत सगळ्यांचा समाचार घेई. एकदम किलोभर साखर घेतली असती, तर दहा दिवसांच्या गप्पा एका पिशवीत आटोपल्या असत्या.

"पुढच्या महिन्यापासून मी तुमचं सगळं ॲपवरून मागवते. दारात येईल. शिवाय स्वस्त."

"स्वस्त? कोण म्हणतं?" चौतीस वर्षं खरेदी विभागात काढलेला माणूस खडबडून जागा झाला. "आधी दर घ्यायचे, तक्ता करायचा, मग ज्याचा दर कमी त्याला ऑर्डर. असं तोंडी चालत नाही."

"बरं बाबा, करा तक्ता. ज्याचा दर कमी, तिथून घेऊ. शब्द."

तक्ता झाला. एकवीस वस्तू, तीन रकाने, पट्टीनं आखलेले. एकोणीस वस्तूंत ॲप स्वस्त निघालं. हेडक्लार्कांनी सगळे दर पुन्हा ताडून पाहिले; एकोणीसच. चौतीस वर्षांत त्यांनी एक आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. (तशी संधीही कुणी दिली नव्हती, ही गोष्ट वेगळी.) मग त्यांनी कोरा कागद घेतला आणि दुकानाच्या रकान्यात साखर चार रुपयांनी उतरवली. तेवढ्यावरच उठून दाराला कडी लावून आले. डाळीला हात जरा सैल झाला. धुण्याच्या पावडरीपर्यंत पोचेतो ते अट्टल गुन्हेगार झाले होते. खाली सही ठोकून, तारीख घालून त्यांनी फोटो मुलीला पाठवला.

दहा मिनिटांत फोन.

"बाबा, कमाल आहे! इतकं स्वस्त? मी आपली वेड्यासारखी ॲपला पैसे घालत होते."

"मी म्हटलं नव्हतं?"

"त्या दुकानदाराचा नंबर द्या."

"नंबर? तो कशाला?"

"कशाला काय! तुमचं महिन्याचं त्यालाच सांगते, घरपोच देईल. माझंही तिथूनच घेते. नणंदेचंही. आमचं दोघींचं मी महिन्यातून एकदा गाडी आणून नेईन."

हेडक्लार्क विरोध करणार, एवढ्यात त्यांच्या डोक्यात हिशेब झाला. महिन्यातून एकदा! म्हणजे मुलीची फेरी तीन महिन्यांवरून थेट एकावर. त्यांनी निमूटपणे नंबर दिला.

दुसऱ्या दिवशी दुकानदार काउंटरवर कोपर टेकून वाटच पाहत होता. "काका, तुमच्या मुलीनं जे भाव सांगितले, त्या भावात मला घाऊक बाजारातसुद्धा माल मिळत नाही. हे दर तिला दिले कुणी?"

"मी. तिला काही बोलू नका. तिन्ही घरांचा वरचा फरक मी देईन."

"अहो, पण का?"

"धोरणात्मक निर्णय आहे," हेडक्लार्क म्हणाले. (कारण सांगायचं नसलं की त्यांचे साहेब हेच म्हणत.)

एक तारखेला चार पिशव्या दारात आल्या. साखरेचा डबा गळ्यापर्यंत भरला. दिवसाला पाच चहा ढोसले, तरी त्याची पातळी हलेना. एकदा सहज म्हणून ते दुकानात गेले, तर मुलीच्या नणंदेनं आणखी कुणाकुणाला नंबर दिला होता म्हणे, दुकानदाराला मान वर करायला फुरसत नव्हती. (त्या कुणाकुणाला त्यानं खरे दर सांगितले होते, हे नशीब.)

"काही हवंय का काका?"

"नाही, काही नाही."

शनिवारी मुलगी यायची होती. हेडक्लार्कांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, दोन कप धुऊन पुसून ठेवले. दुपारचे चार वाजले, पाच वाजले. शेवटी फरकाचे पैसे खिशात घालून ते दुकानात गेले.

"ताई दुपारी बाराला येऊन गेल्या की," दुकानदार पिशवी बांधता बांधता म्हणाला. "सामान गाडीत टाकलं नि गेल्या. फार घाईत होत्या. तुम्हाला भेटल्या असतील ना?"

"हो, तर! भेटली ना." हेडक्लार्कांनी नोटा काढल्या आणि सावकाश मोजल्या. चूक नव्हती, तरी पुन्हा मोजल्या. मग सुटे पैसे शोधले.

दुकानदारानं घड्याळाकडे पाहिलं.

"काका, एवढ्यासाठी तुम्ही कशाला येता? पुढच्या महिन्यापासून फरक मोबाइलवरून पाठवत जा. तेवढाच तुमचा हेलपाटा वाचेल."