आठ कोर

सौंसरच्या केतन आणि धनश्रीचं लग्नानंतरचं पहिलं भांडण डेस्कटॉपच्या प्रोसेसरवरून झालं. केतनला रविवारी गेम खेळायचे होते. त्याच्या मते सहा कोरचा प्रोसेसर भरपूर, उरलेल्या पैशांत ग्राफिक्स कार्ड घ्यावं. धनश्री लग्नांचे व्हिडिओ एडिट करायची. जुना लॅपटॉप मंगलाष्टकं संपायच्या आत मान टाकायचा, आणि तीन वऱ्हाडं तिच्या नावानं बोटं मोडत होती.

शेवटी नवऱ्याला न विचारताच तिनं पांढुर्ण्याचे दुकानदार कुलदीपभाऊ यांना फोन लावला. सासूबाई, चंद्रकलाबाई, स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. त्यांच्या कानावर एवढंच आलं:

"ह्यायले सहा कोर पुरते भाऊ, मले आठ पाह्यजे. हाव, आठवाला गरम होते, मालूम आहे. मोठा पंखा लावून देजा."

चंद्रकलाबाईंचा हात परातीतच थांबला. त्यांच्या उभ्या जन्मात कोर म्हणजे भाकरीची कोर. चार कोरांची एक भाकर. म्हणजे लेकाला दीड भाकर आणि सूनबाईला दोन? वर पंखा!

जेवायला बसल्यावर त्यांनी केतनच्या ताटात दोन भाकरी वाढल्या आणि सुनेच्या ताटात मोजून दीड. केतननं खुशीत पहिला तुकडा मोडला.

"खाय पोटभर," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "मले सारं मालूम आहे. तुले सहा कोर न् तिले आठ!"

"तुले कोणं सांगतलं? मीच तर म्हणलं, मले सहा बस झाले."

"तूच म्हणलं? बायकोले एवढा भेतं? पाह्य कसा वाळून राहिला!"

केतनच्या शर्टाची बटणं वेगळंच सांगत होती. धनश्रीला हसता हसता ठसका लागला.

"आई, ते भाकरीचं नाही, काँप्युटरचं आहे! कोर म्हणजे त्याचे काम करायचे हात. गेमले सहा हात पुरते, व्हिडिओले आठ लागते."

चंद्रकलाबाई अंमळ ओशाळल्या. मग त्यांनी नीट विचार केला.

"म्हणजे हा खेळन, न् तू काम करशीन?"

"हाव."

"मंग आठच आण. कामाच्या माणसाले जास्त लागते."

"पण आई..." केतननं तोंड उघडलं.

चंद्रकलाबाईंनी त्याच्या ताटातली अर्धी भाकर उचलली आणि सुनेच्या ताटात ठेवली.

"खेळाले सहा कोर पुरते. तूच म्हणलं ना?"