सातवी स्टेज आणि लाल पाटी

मी आधीच सांगून ठेवतो, अख्ख्या जबलपुरात जुने व्हिडिओ गेम माझ्याइतके कोणालाच समजत नाहीत! आजकालच्या गेमला मी गेम म्हणतच नाही. मेलं की दोन पावलं मागे पुन्हा उभं! याला काय अर्थ आहे? आमच्या वेळी मेलं म्हणजे मेलं! कॅसेट काढा, फुंकर मारा, देवाचं नाव घ्या आणि पहिल्या स्टेजपासून सुरू करा!

तर वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी शिपायाच्या गेममध्ये सातव्या, म्हणजे शेवटच्या स्टेजला पोचलो. तीस वर्षांत पहिल्यांदा! मी अक्षरशः सोफ्यावर चढून नाचलो. पण टीव्हीला जोडायच्या या जुन्या गेमच्या डब्यात गेम सेव्ह होत नाही. म्हणून पॉज केला, डबा आणि टीव्ही छोट्या इन्व्हर्टरवर घेतला आणि जाहीर केलं, "रविवारी खेळणार! तोवर कोणी हात लावायचा नाही!"

"आजच काहून नाही?" बायकोनं, रुचिरानं विचारलं.

"तयारी करून राहिलो ना!"

"पापा, डर लग रहा है क्या?" आमची यशश्री. हिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत.

"भीती? मला?" मी असा हसलो की ठसका लागला.

आता तुमच्यापासून काय लपवू! सातवी स्टेज पाण्याखालची. लहानपणी एका मित्राला ती खेळताना पाहिलं होतं. श्वास संपत आला की टूंटूंटूं वाजतं. ते ऐकलं की आजही माझे हातपाय गार पडतात.

शनिवारी रुचिरा डब्याचा प्लग काढून इन्व्हर्टरच्या त्याच स्विचवर मिक्सर लावायला निघाली! मी झडप घालून अडवलं. मग डोकं लढवलं आणि मी काम करतो त्या फॅक्टरीतली लाल 'खतरा' पाटी आणून स्विचवर टांगली. आता कोणाची हिंमत आहे!

रविवारी सकाळी शहराच्या गढा भागातून सासरे आले. श्रीकांतराव आमच्याच फॅक्टरीतून रिटायर झालेले, पस्तीस वर्षं सेफ्टी सेक्शनला. लाल पाटी दिसली की आधी मेन स्विच पाडायचा, विचारपूस नंतर, ही त्यांची जन्माची सवय. मी नेमका आंघोळीला होतो.

खट्! बाथरूममध्ये अंधार! मी टॉवेल गुंडाळून धावलो.

"बाबा, काय केलं हे!"

"जावईबापू, मागे सरा! लाल पाटी आहे!"

पण टीव्ही चालू होता! इन्व्हर्टर जिंदाबाद! माझा जीव भांड्यात पडला. सासऱ्यांचे मात्र डोळे पांढरे झाले.

"मेन बंद, तरी हे चालू? अरे, करंट मागून येऊन राहिला!"

"बाबा, तो इन्व्हर्टर..."

"विजेच्या आगीवर पाणी नाही, माती टाकायची!"

"पण आग कुठे आहे?"

"लागेल ना!" म्हणत त्यांनी गुलाबाची अख्खी कुंडी डब्यावर उलटी केली.

टीव्हीवर शिपाई तसाच उभा!

"पाहा! याला म्हणतात जुनी मशीन!" मी एका हातानं टॉवेल सावरत ओरडलो.

तेवढ्यात चित्र थरथरायला लागलं.

"पापा, जल्दी खेलो! बंद होनेवाला है!"

"खेळा जावईबापू," सासरे ओशाळून म्हणाले, "माझ्यामुळे राहून जायला नको." रुचिरानं माती झटकून गेमचा रिमोट माझ्या हातात कोंबला. तिघंही माझ्याभोवती दाटीवाटीनं बसले. आता पळायला जागाच नव्हती. मी बटण दाबलं. शिपाई पाण्यात उतरला.

चार सेकंद! तीस वर्षांची तपश्चर्या चार सेकंदांत संपली, आणि पाठोपाठ डबाही.

समोरून एक मासा आला, असं यशश्री सांगते. अगदी लहानसा होता म्हणे. असेलही. माझे डोळे मिटलेले होते.