आधीचा बरा की आत्ताचा?

चष्मेवाल्यांच्या घरातला अ‍ॅम्प्लिफायर गेल्या हिवाळ्यात बंद पडला. तपासणीअंती फ्यूज उडाल्याचं निष्पन्न झालं. फ्यूज म्हणजे बोटाच्या पेराएवढी काचेची नळी, आत केसासारखी तार. वीज जास्त झाली की तार वितळते आणि यंत्र वाचतं. वेळेवर मरणं, एवढंच तिचं काम. कोपऱ्यावरच्या दुकानात ती चहाच्या भावात मिळते.

चष्मेवाले कोपऱ्यावर गेले नाहीत. ते उंची संगीतयंत्रांच्या दुकानात गेले. तिथल्या विक्रेत्याने हातमोजे घालून मखमली डबीतून फ्यूज काढला.

"चांदीची तार आहे, काका. आवाजावरचा पडदाच निघून जातो."

"बाईमाणसाच्या आवाजावरचा?"

"खास त्यासाठीच नेतात लोक."

किमतीची चिठ्ठी बघून चष्मेवाल्यांनी चष्मा पुसून परत लावला. किंमत तेवढीच होती. त्यांनी फ्यूज घेतला.

घरी एक कॅसेट होती. फार पूर्वी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून ते गाणं टेप करत असताना बायको स्वयंपाकघरातून म्हणाली होती, "अहो, बरणीचं झाकण कुठं ठेवलंत?" त्यावर त्यांचं "श्श." मग पुन्हा गाणं. बायको गेली, आणि घरात तिचा आवाज तेवढाच उरला.

नवा फ्यूज बसला तेव्हा शेजारचे दोन जाणकार हजर होते: निवृत्त पोस्टमास्तर आणि दातांचे डॉक्टर. 'झाकण'मधला 'झ' लक्षणीय सुधारल्याचं एकमताने ठरलं. पुढे विक्रेत्याने कळवलं की फ्यूजला दिशा असते. उलटा बसवून कॅसेट ऐकली. बरणी जवळ आली, पण झाकण लांब गेलं. सुलटा बसवून पुन्हा ऐकली.

मग चिंता उभी राहिली. एवढा महागाचा फ्यूज उडाला तर? विक्रेत्याने तोडगा काढला: त्याच्या आधी एक साधा फ्यूज लावायचा. वीज वाढली तर साधा जाईल, महागडा वाचेल.

"पण मग आवाज आधी त्या साध्यातूनच येणार ना?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

शंका रास्त होती. साध्याच्या जागी चांदीचा बसला. त्याच्या रक्षणासाठी आणखी एक साधा आला, आणि यथावकाश त्याचीही चांदी झाली. उन्हाळा संपेपर्यंत अ‍ॅम्प्लिफायरमागे फ्यूजची रांग लागली होती. प्रत्येक बदलानंतर कॅसेट ऐकणं ओघानेच आलं. चष्मेवाल्यांचा कान तयार आहे, असं शेजारीपाजारी बोलू लागले.

एक दिवस दोघे जाणकार बसलेले असताना मेहुणी आली. तिचा जन्म बँकेत खोट्या नोटा ओळखण्यात गेला होता.

"भाऊजी, डोळे मिटा. आधी एक लावते, मग दुसरा. आधीचा बरा की आत्ताचा, ते सांगा."

हाच प्रश्न चष्मेवाले आपल्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना रोज विचारत आले होते. मधूनच ते काच न बदलताच विचारायचे. गिऱ्हाईक शिकलेलं असेल तर हमखास म्हणायचं, "आत्ताची."

त्यांनी डोळे मिटले. अहो, बरणीचं झाकण कुठं ठेवलंत? श्श. मागे जरा खुडबुड झाली. अहो, बरणीचं झाकण कुठं ठेवलंत?

"आत्ताचा," चष्मेवाले म्हणाले. "'अहो' किती मोकळा आला."

"मी काही बदललेलं नाही. नुसती डबी वाजवली."

डॉक्टरांना एकाएकी एक पेशंट आठवला आणि ते निघाले. पोस्टमास्तर पंख्याकडे बघत राहिले.

"ठाऊक आहे," चष्मेवाले डोळे मिटूनच म्हणाले. "ती युक्ती माझीच आहे."

"मग हा सगळा खटाटोप कशाला?"

"आधी नुसतीच कॅसेट लावून बसायचो. तर हे पोस्टमास्तर म्हणायचे, असं किती दिवस करणार, बाहेर पडा. सुनेने डॉक्टरांचं नाव काढलं, दातांच्या नव्हे. फ्यूज आणल्यापासून कुणी काही म्हणत नाही. उलट हेच म्हणतात, पुन्हा लावा."

मेहुणीने मखमली डबीचं झाकण शोधून लावलं. मग म्हणाली, "भाऊजी, याहून महाग मिळतो का हो?"

"मिळतो," पोस्टमास्तर म्हणाले. "पण ऐकून बघावा लागेल."

ज्या वाचकांना हा खर्च मूर्खपणाचा वाटला, त्यांनी आपल्या घरी गेलेल्या माणसाचा आवाज लागोपाठ तीनदा लावून बघावा. तिसऱ्या वेळी दारात कुणीतरी येऊन उभं राहील. त्याला काय सांगायचं, ते आधीच ठरवून ठेवावं.