कवडूजी मांदाडे यांची बार-तपासणी

नागपुरातल्या कुठल्या वाईन बारमध्ये बसावं आणि कुठल्यात पाऊलही टाकू नये, हे जाणून घ्यायचं असेल तर गडचिरोली-चामोर्शी रस्त्यावरच्या आमच्या गावी या. माझ्या घराला लागून कवडूजी मांदाडे राहतात. त्यांनी गेल्या महिन्यापर्यंत एकोणीस वाईन बार तपासले होते. तपासले हाच शब्द बरोबर, कारण ते दारूला शिवत नाहीत. ते आमच्या गावच्या दारूमुक्ती समितीचे अध्यक्ष आहेत.

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. मोहाच्या झाडांना मात्र ते कोणी कळवलेलं नाही, त्यामुळे समितीला काम भरपूर. गावातल्या बाया पुढे आणि कवडूजी वही घेऊन मागे, अशी फौज नाल्याकाठी जाते आणि मोहसडव्याचे, म्हणजे दारूसाठी आंबत ठेवलेल्या मोहाचे, ड्रम उलटे करते. ड्रम उलटा होण्याआधी कवडूजी त्याची तपासणी करतात. झाकण होतं का, आजूबाजूला स्वच्छता होती का, हे सगळं लिहून झाल्यावर मग बायांना इशारा. तोवर दारू गाळणारा निवांत पळून जातो.

त्यांचाही इलाज नाही. केंद्रप्रमुख म्हणून त्यांनी जन्मभर शाळा तपासल्या. निवृत्तीच्या दिवशी टेबल, कपाट आणि शिक्का परत केला, नजर मात्र घरी घेऊन आले. जेवताना म्हणतात, "भात समाधानकारक. वरणात सुधारणेस वाव आहे." त्यावर त्यांच्या घरच्या शेवंताबाई म्हणतात, "मंग उद्यापासून तुमीच सुधारा." दुसऱ्या दिवशी वरण तेच आणि शेराही तोच.

तर दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी कवडूजी इस्त्रीचा शर्ट घालून सकाळच्या एसटीने नागपूरला जातात. याला ते अभ्यास दौरा म्हणतात. एका वाईन बारमध्ये बसतात, लिंबू सोडा मागवतात, वही उघडतात. रविवारी समाजमंदिरात समितीपुढे अहवालाचं वाचन होतं आणि सोमवारी तोच अहवाल फोनवर, बारच्या नावाखाली, साऱ्या जगासाठी चढतो. मी काही वाचून दाखवतो.

"भर दुपारी खोलीत अंधार. टेबलावर मेणबत्ती. विजेची जोडणी तपासावी."

"पेला घागरीएवढा, आत वाईन दोन घोट. इमारतीच्या मानाने पटसंख्या फारच कमी."

"वाईन द्राक्षाची, सोबत खायला पुन्हा द्राक्षेच. पुनरुक्ती टाळावी. चीज लाकडी पाटावर आणले. ताटे पुरेशी नसावीत."

"कर्मचारी नम्र. एकास तेराचा पाढा विचारला, तेरा सक्कंपर्यंत आला. श्रेणी ब."

समितीतल्या बाया हे कीर्तनापेक्षा मन लावून ऐकतात. एकदा पार्बताबाईंनी विचारलं, "पण सर, तिथी बायाबी बसतेत का?" कवडूजी म्हणाले, "बसतात." त्यावर समाजमंदिरात जी शांतता पसरली, तिचा अर्थ मी अजून लावतो आहे.

आता या अभ्यास दौऱ्यामागचं खरं कारण सांगतो. गावात ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि कवडूजींसमोर कोणी बोलत नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी माधुरी. माझ्याच हाताखाली चौथी झाली. नागपूरला हॉटेलचं शिक्षण घेतलं आणि दोन वर्षांपूर्वी फोन केला, "बाबा, नोकरी लागली. वाईन बारमध्ये. कोणत्या जेवणासंग कोणती वाईन घ्या, हे गिऱ्हाइकाले सांगाचं काम हाय." नेमके त्याच आठवड्यात कवडूजी समितीचे अध्यक्ष झाले होते. गळ्यातला हार सुकायचा होता. ते म्हणाले, "असं असंल तं गावात पाऊल ठेवू नको." पोरगी म्हणाली, "बरं." एवढंच. बापाचा हट्ट मुलीत उतरला होता, तिने पाऊल ठेवलं नाही. फोन फक्त आईला, तोही बाबा घरात नसताना.

ती कुठल्या बारमध्ये आहे, हे शेवंताबाईंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण कवडूजींनी बायकोला विचारणं म्हणजे चूक कबूल करणं. त्यापेक्षा नागपूरचे सगळे बार एकेक करून तपासलेले बरे, असा त्यांनी मार्ग काढला. शेवंताबाई मला म्हणाल्या होत्या, "भाऊ, विचारलं असतं तं मी उभ्या उभ्या सांगतलं असतं. पण त्यायले विचाराचंच नाई. फिरू द्या."

मीही म्हटलं, फिरू द्या. दोन महिन्यांत सापडेल. पण महिन्यांमागून महिने गेले, अहवालावर अहवाल आले आणि माधुरी काही सापडेना. एवढी वर्षं शाळेच्या कोपऱ्यातली तुटकी पट्टीही ज्यांच्या नजरेतून सुटली नाही, त्यांना स्वतःची पोरगी दिसू नये, याचं मला आश्चर्य वाटायचं.

गेल्या महिन्यात एका बारमालकाने त्यांच्या अहवालाखाली उत्तर लिहिलं, "काका, तुम्ही लिंबू सोडा पिऊन आमच्या वाईनला दोनच तारे कसे दिले?" हे कवडूजींना फार लागलं. त्यांच्या तक्त्यात 'चव' नावाचा रकाना होता आणि त्यात एकोणीस वेळा 'माहिती अप्राप्त' असं लिहिलेलं होतं. अपूर्ण तक्ता त्यांना झोपू देईना. ते माझ्याकडे आले.

"मडावी सर, तुमी समितीत नाई. तुमाले चव समजते. चला."

माझ्या पात्रतेची समितीकडे लेखी नोंद होती, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

विसावा बार एका उंच इमारतीत होता. जमिनीवर सायीसारखा पांढरा गालिचा. कवडूजींनी वही उघडली. वेटरने बाटली दाखवली, माझ्या पेल्यात घोटभर वाईन ओतली आणि हात मागे बांधून माझ्याकडे बघत उभा राहिला. आता आम्ही गोंड. आमच्याकडे पहिले थेंब जमिनीवर, वाडवडिलांना. मग आपण. मी आयुष्यात एकदाही हे चुकवलेलं नाही. आजोबांचं नाव घेतलं आणि चार थेंब गालिच्यावर सोडले.

वेटरचा चेहरा उतरला. "सॉरी सर," म्हणून पेला आणि बाटली घेऊन गेला, दुसरी आणली. पुन्हा घोटभर ओतली, पुन्हा उभा. मला वाटलं, आईकडच्या मंडळींसाठी वेगळी बाटली देत असतील. शहर आहे, पद्धत असेल. मी आईच्या वडिलांचं नाव घेतलं, चार थेंब सोडले. तिसरी बाटली घेऊन कोट घातलेला मॅनेजर स्वतः आला. मी आता पणजोबांपर्यंत पोचलो होतो. शेजारी कवडूजी आनंदाने लिहीत होते, "पूर्वजांविषयी आदर अत्युत्तम. प्रत्येक पिढीस नवी बाटली."

मॅनेजरने अगदी रडवेल्या आवाजात विचारलं, "सर, वाइन में प्रॉब्लेम क्या है?"

तेव्हा उलगडा झाला. पहिला घोट पसंतीसाठी असतो म्हणे, आणि मी तो सांडला म्हणजे बाटली नापसंत. मी सगळं समजावून सांगितलं. त्याने गालिच्याकडे बघत आत हाक मारली. मग एक माणूस फडकं घेऊन आला आणि माझे तिन्ही पूर्वज पुसून आत नेले. त्यानंतर मी वाईन प्यायलो. आंबट होती. 'चव'च्या रकान्यात वीस महिन्यांत पहिल्यांदा शाई लागली.

बाहेर पडलो तेव्हा साडेचार झाले होते. परतीची गाडी सहाची. मी बसस्टँडच्या दिशेने वळलो, तर कवडूजी उलट्या दिशेने चालायला लागले. "थोडं काम हाय," म्हणाले. दोन चौक ओलांडून एका उसाच्या रसाच्या गाडीपाशी थांबले. रसवाला त्यांना बघून हसला.

"आज दो गिलास, गुरुजी?"

मी चमकलो. रस्त्याच्या पलीकडे मोठ्या काचेचा एक वाईन बार होता. काचेच्या आत काळा एप्रन बांधून एक मुलगी काच पुसत होती. चष्मा लावला होता, केस कापले होते, पण चौथीत फळा पुसायची तशीच, कोपऱ्यापासून सुरुवात करून पुसत होती. माधुरी.

कवडूजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "चौथा बार तपासून निघालो, तवाच इथं दिसली."

"मंग बाकीचे सोळा काऊन तपासले?"

"नागपूरले येवाले कारण पायजे ना."

"अन् आत कधी गेले नाई?"

त्यांनी पेला दोन्ही हातांत धरला होता. "आत गेलो, अन् तिनं ओळखच नाई दाखवली तं? इथून दिसते तरी."

मला राग आला. ज्या माणसाच्या नुसत्या येण्याने मुख्याध्यापक घामाघूम व्हायचे, तो सोळा महिने एका काचेच्या दाराला भीत होता. मी रस तसाच ठेवला आणि रस्ता ओलांडला.

माधुरी दारातच भेटली. मी काही बोलायच्या आधी तिने विचारलं, "बाबाचा रस पिऊन झाला का, गुरुजी?"

"तुले मालूम हाय?"

"पहिल्या शनिवारी काच पुसाचं काम मी मागून घेते. पोरी हासतेत. तीन तीन वेळा पुसते."

"मंग बाहेर काऊन नाई येत?"

"पाऊल ठेवू नको म्हणले होते ते. आता हाक त्यायनंच माराले पायजे." तिने हातातल्या फडक्याची घडी घातली. "सहाच्या गाडीले जातेत. मी पाहात राह्यते."

चौथीत मी तिच्यावर कधी ओरडलो नव्हतो. त्या दिवशी नागपूरच्या फुटपाथवर ओरडलो. एकीकडे बाप हाकेची वाट बघतो, एकीकडे लेक हाकेची वाट बघते, आणि मधून रस्ता तर फक्त वीस पावलांचा. किती मूर्खपणा करायचा माणसाने, असं बरंच काही बोललो. आतली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

तिने डोळे एप्रनला पुसले, आत गेली आणि एक खुर्ची उचलून बाहेर आली. खुर्ची डोक्यावर धरून तिने भर रहदारीत रस्ता ओलांडला. गाड्या हॉर्न देत होत्या. कवडूजींनी तिला येताना पाहिलं आणि आधी चक्क रसाच्या गाडीमागे लपायला गेले. रसवाल्यानेच त्यांना धरून पुढे केलं.

माधुरीने खुर्ची फुटपाथवर मांडली. "बसा, बाबा. किती उभे राह्यता."

ते बसले. वही त्यांच्या बगलेत होती, पण शेरा काही सुचला नाही. तिला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. मग म्हणाले, "वाळली तू."

"आठ वाजता मले अर्धा तास सुट्टी असते," ती म्हणाली. "जेवाले थांबता का?"

कवडूजींनी मान हलवली आणि मग माझ्याकडे वळले. "सर, तुमी निघा. घरी सांगा, पोरीसंग जेवून येतो." दोन वर्षांत त्यांच्या तोंडून पोरगी हा शब्द मी ऐकला नव्हता.

बसस्टँडवरून मी शेवंताबाईंना फोन लावला आणि झालं ते सगळं सांगितलं. तेवढ्यात स्टँडवर कुठल्याशा गाडीची घोषणा सुरू झाली. मला वाटलं फोन कटला.

"बाई?"

"आयकून राह्यली, भाऊ," त्या म्हणाल्या. "त्यायले फोन लावून सांगा, तिले कारलं चालत नाई. हे उगाच पौष्टिक म्हणून मागवतीन."

मी कवडूजींना फोन लावला. घंटी वाजत होती, कोणी उचलत नव्हतं. म्हटलं, बोलू द्या त्यांना पोरीशी. मी पुन्हा लावला नाही.