मुदत संपलेले हात

माणसाचं हृदय केव्हाही बंद पडू शकतं. प्रमाणपत्र मात्र छापलेल्या तारखेलाच बंद पडतं. म्हणूनच शहाणी व्यवस्था हृदयापेक्षा प्रमाणपत्राची काळजी अधिक घेते, आणि ते योग्यच आहे. हृदयाचं नूतनीकरण करून मिळत नाही.

या तत्त्वाला अनुसरून प्रथमोपचार शिकवणाऱ्या समस्त शिक्षकांना फेरपरीक्षेसाठी एका सभागृहात बोलावण्यात आलं. त्यांत ठोके सर होते. (हे टोपणनाव. छाती दाबून दाखवताना ते इतक्या मोठ्याने आकडे म्हणत, की पुढच्या बाकावरच्यांना ते झोपेतही ऐकू येत.) कारखाने, शाळा, बँका, जिथे जिथे माणूस पडण्याची शक्यता, तिथे तिथे सर शिकवून आले होते. खरोखर पडलेला माणूस मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. सगळा अनुभव रबरी बाहुलीवरचा. बाहुलीची छाती नीट दाबली गेली की आत टक् असा आवाज होई. त्या आवाजावर सरांचा संसार चालला होता.

सकाळी निघताना बायकोने डबा हातात देत विचारलंही, "इतकी वर्षं शिकवताय. कोणाला वाचवलंत का हो कधी?"

"वाचवणं हे शिकणाऱ्यांचं काम," सर बुटाची नाडी बांधत म्हणाले. "आपण शिकवायचं."

बोलले खरे, पण जिना उतरताना बायकोचा प्रश्न त्यांना लागला.

सभागृहात परीक्षक साहेबांनी आधी सर्वांची जुनी प्रमाणपत्रांची कार्डं गोळा करून कात्रीने मधोमध कापली. (जुनं कापल्याशिवाय नवं देता येत नाही.) "आता नवं कार्ड मिळेपर्यंत," साहेब म्हणाले, "तुमच्यापैकी कोणीही कोणाही रुग्णाला हात लावायचा नाही. जबाबदारीचा प्रश्न येतो." सगळ्यांनी ते लिहून घेतलं. मग साहेबांनी फळ्यावर 'अचानक कोसळलेला रुग्ण' असा मथळा लिहिला, त्याखाली रेघ मारली, आणि कोसळले.

सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. "साहेब अगदी जीव ओतून शिकवतात," एक जण शेजाऱ्याला म्हणाला. थोड्या टाळ्याही पडल्या. साहेबांचे ओठ निळे पडू लागले, तेव्हा थांबल्या.

यानंतर जे घडलं, ते शिस्तीचा नमुना म्हणून सांगण्यासारखं आहे. कोणीही गडबडलं नाही. एकाने फोन करून रुग्णवाहिका बोलावली. बाकीच्यांनी परिस्थितीचा साधकबाधक विचार केला. खोलीत वैध कार्ड असलेला माणूस एकच, आणि तो पालथा पडलेला. बेशुद्ध माणसाची संमती गृहीत धरावी असं पुस्तकात आहे. नव्या आवृत्तीतही ते आहे का, हे पाहायला दोघे पानं चाळू लागले. एक ज्येष्ठ शिक्षक म्हणाले, साहेबांनी आधी कार्डं वाटून मग पडायला हवं होतं. यावर एकमत झालं. हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र भिंतीवरच होतं, पण कुलपात. (चोरीला जाऊ नये म्हणून.) किल्ली साहेबांच्या खिशात.

ठोके सर उठले. का उठले, हे त्यांना नंतरही सांगता आलं नाही. त्यांनी साहेबांना उताणं केलं, हाका मारल्या, श्वास पाहिला. नव्हता. छातीच्या मधोमध तळहात टेकवला आणि दचकले. छाती गरम होती. बाहुली कधी गरम नसते. सर आयुष्यात पहिल्यांदा आकडे विसरले.

"सर, तुमचं कार्ड कापलंय," मागून कोणीतरी आठवण करून दिली.

"हो," सर म्हणाले, आणि दाबलं.

टक् झालं नाही. पुन्हा दाबलं, तरी नाही. मग आत काहीतरी कडकन मोडलं आणि सरांचे हात थांबले. शाळांमधून शिकवणाऱ्या नर्सबाई पुढे येऊन समोर बसल्या. "बरगडी असेल. मोडू दे, थांबू नका," म्हणत त्यांनी साहेबांच्या खिशातून किल्ली काढली, यंत्र आणलं, सदरा फाडून यंत्राच्या पट्ट्या छातीला चिकटवल्या. "आकडे म्हणा सर. मोठ्याने." सर म्हणू लागले. हळूहळू सगळं सभागृह म्हणू लागलं. आकडे म्हणायला कार्ड लागत नाही.

यंत्राने झटका दिला. रुग्णवाहिका दारात लागली तेव्हा साहेब श्वास घेत होते.

महिन्याभराने निकाल लागला. साहेबांनी तो घरी उशीला टेकून, एक हात बरगडीवर ठेवून, स्वतः लिहिला होता. निःपक्षपातीपणात कसूर नव्हती. नियम पाळून बसून राहिलेले सर्व उत्तीर्ण. नर्सबाई आणि ठोके सर अनुत्तीर्ण. कारण, कार्डाविना स्पर्श. सरांना जादा शेरा: 'दाब जास्त.' त्याखाली, खासगी म्हणून: 'आपला ऋणी आहे. पुढच्या परीक्षेला अवश्य यावे.'

बायकोने कागद दोनदा वाचला. "म्हणजे जगला तो, आणि नापास तुम्ही?"

"नियम आहे तसा."

"मग वाईट वाटतंय का?"

सर आपल्या तळहातांकडे बघत राहिले. "अंग गरम होतं गं त्यांचं," ते म्हणाले.

उत्तीर्ण शिक्षकांना हल्ली कामाची उसंत नाही. तुमच्या कचेरीत येऊन गेले ते त्यांच्यापैकीच. आठवत असतील: तुम्ही मागच्या रांगेत होतात, हजेरीवर सही केलीत, फोटोपुरते बाहुलीवर वाकलात आणि चहाला निसटलात. त्याचं प्रमाणपत्र तुमच्या कपाटात आहे. तुम्ही त्यात काय शिकलात, तेवढं शेजारच्या टेबलावरच्या माणसाला एकदा खरंखरं सांगून ठेवा, म्हणजे कोसळायचं कुठे, हे तो त्या हिशेबाने ठरवील.